चार हात गल्ली

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात होडी पाण्यात असायची. आमची होडी दारात असायची. महिन्यातून फार तर दोन-तीन दिवस ती खाडीत जायची. बाकीचे दिवस ती चाकांच्या ट्रॉलीवर चढून आमच्या अंगणात बसलेली असायची आणि आम्ही तिच्या कडेकडेने जगायचो. माजिवड्याच्या मागे खाडीच्या अंगाला आमचं गाव. गावात गल्ली, गल्लीच्या टोकाला आमचं घर, घराच्या पाठीमागे नाला आणि नाल्यापलीकडे कुठल्याशा बिल्डरने ठोकलेले पत्रे. म्हणजे घरातून बाहेर पडायचं तर गल्लीनेच. आणि गल्लीत यायचं तर आधी होडी ओलांडायची. पुढचा दरवाजा अर्धाच उघडायचा, मग तिच्या मागच्या टोकाला टेकायचा. तुळस मागच्या दाराशी गेली, रांगोळी बंद झाली, आणि मी तीन वर्षं कॉलेजला जाताना रोज पोट आत घेऊन, दप्तर डोक्यावर धरून, आडवी होऊन बाहेर पडले. आज मला सगळे म्हणतात की तुझी चाल जरा तिरकी आहे. मी गुडघ्याचं कारण सांगते.

ती आमच्याकडे आली ते आगर गेल्यानंतर. आगर म्हणजे मिठागर. बाबांच्या आज्यापासून आमच्या घरातली माणसं खाडीचं पाणी बांधात घ्यायची, उन्हात वाळवायची आणि मीठ ओढायची. मग तिथून रस्ता गेला आणि बाबा एका सकाळी उठले तर त्यांना जायला जागाच नव्हती. तरी ते पहाटे उठायचे, चहा घ्यायचे, भरती किती वाजता ते मनात मोजायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. सहा-सात महिने असे गेले. मग एका दुपारी टेम्पोतून होडी आली. कुठल्याशा रिसॉर्टने टाकून दिलेली फायबरची मोटरबोट, पांढरी, पोटावर निळा डॉल्फिन काढलेला आणि मागे इंजिन. बाबांनी डॉल्फिन तसाच ठेवला. ते त्याला मासा म्हणायचे. आई होडीला "ती बया" म्हणायची आणि शेवटपर्यंत दुसरं काही म्हणाली नाही.

गावाला हे काही केल्या कळेना. खाडीत लोक जायचे ते मासे धरायला नाहीतर रेती काढायला. बाबा नुसते जायचे आणि यायचे. घोडबंदरच्या अंगाला एक चक्कर, कधी उलटं डोंबिवलीकडे, खाडीकाठी माझ्या ताईचं सासर होतं तिथे. तिच्या दारातून हाक मारायची, पाणी प्यायचं आणि परत. "मासं नाय, रेती नाय, मंग जातंस कशाला?" असं कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, "बगून येतंव." काय बघून येता हे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. आईची तक्रार वेगळी होती. तिचं माहेर खडवलीला, नदीच्या काठावर. एवढी होडी आहे तर मला माहेरी सोडा, असं ती दर वर्षी म्हणायची आणि बाबा दर वर्षी तिला समजावून सांगायचे की वरच्या अंगाला नदीत दगड आहेत, पाणी गुडघाभर आहे. आई म्हणायची, "मंग घरानच ठेवा तिला, म्हंजे दगर लागनार नाय."

आता ही बया पाण्यातच का नाही राहिली, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमची खाडी म्हणजे दिवसातून दोनदा पाणी आणि दोनदा चिखल. होडी तिथे बांधून ठेवली तर बुडाला कालवं चिकटतात आणि चार रात्रींत इंजिन कोणीतरी सोडवून नेतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तिला उतारावरून वर ओढायची आणि घरी आणायची. बरं, तो उतार असा की त्यावर पुरेसं पाणी चढायचं फक्त उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे. म्हणजे आमच्या घरात सगळं पंचांगाप्रमाणे चालायचं, पण सण म्हणून नव्हे, होडी म्हणून. घरी आणली की तिची बडदास्त सुरू. खाऱ्या पाण्याने इंजिन आतून खाल्लं जातं, म्हणून ड्रममध्ये गोडं पाणी भरून इंजिनाचा पाय त्यात बुडवायचा आणि पाच मिनिटं चालवायचं. नळाला पाणी तासभर यायचं. पहिला ड्रम इंजिनाला, दुसरा आम्हाला. ते भरायचं काम माझं. नाकाखाली विटा लावून तिला मागे कलती ठेवायची, बुडाचं बूच काढायचं म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही, वरून ताडपत्री बांधायची, दर दोन दिवसांनी ताडपत्री उघडून वारा द्यायचा नाहीतर आत बुरशी. हेही माझंच. उन्हाळ्यात त्या ताडपत्रीखाली शिरलं की इडलीच्या भांड्यात शिरल्यासारखं व्हायचं. पेट्रोल, चिखल आणि सुकटीचा असा काही मिळून वास यायचा की नौपाड्याला क्लासमध्ये माझ्या शेजारची मुलगी एकदा म्हणाली, "तुमचा गॅरेजचा धंदा आहे का गं?"

खरं सांगायचं तर त्या होडीने माझ्यावर एक उपकारही केला. बारावीनंतर मला बघायला भिवंडीकडची माणसं आली होती. मुलगा बारीक होता, तो आला सुळकन. त्याची आई अंगाने भरलेली. ती होडी आणि भिंत यांच्यामध्ये आली आणि तिथेच राहिली. पुढे येईना, मागे जाईना. आतून आई "या या" म्हणत होती, बाहेरून तिचा नवरा "ये ये" म्हणत होता. शेवटी बाबांनी विटा काढून होडीचं नाक खाली केलं तेव्हा ती सुटली. आमच्याकडची तांदळाची भाकरी आणि चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण जेवून ती माणसं गेली ती गेलीच. आई चार दिवस कोणाशी बोलली नाही. मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा आपणहून डॉल्फिनवरून फडका मारला.

मला जायचं होतं. कुठे जायचं ते आधी नक्की नव्हतं, पण गल्लीच्या बाहेर. मग ते नक्की झालं माझ्या मैत्रिणीमुळे. सुमेधा नौपाड्याच्या मागे चाळीत राहायची, तिचे वडील पोस्टात. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खीर यायची आणि नारळी पौर्णिमेला आमच्याकडून नारळीभात जायचा, एवढं आमचं येणंजाणं. तिने नाशिकच्या नर्सिंगच्या शाळेचे दोन फॉर्म आणले, एक तिचा, एक माझा. "भर. नाही लागला नंबर तर होडी पुसायला तू आहेसच." दोघींचाही नंबर लागला. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. मी पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते इंजिनाचा पाय कपड्याने पुसत होते. पुसत पुसत म्हणाले, "जा ना. नको कोन बोलला? पन आदी होरी पान्यान जाऊदे. तुज्याशिवाय मागचा दोर कोन धरंल?"

मी इतकी खूश झाले की त्यातल्या दुसऱ्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने होडी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात घालतात. आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमा रविवारी होती. सोमवारच्या आदला दिवस. दुपारी एकच्या सुमाराला भरती, तीनला माजिवड्याच्या नाक्यावर नाशिकची एसटी. मला वाटलं, वा, काय जमून आलंय.

मधे होते नाना. नाना म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. त्यांनी घर पाडून जागा बिल्डरला दिली, आणि हे बाबांना कळलं ते घर पाडायला माणसं आली तेव्हा. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप सगळे आईमार्फत. "वैनी, दादाला सांगा, पान्याची लाइन दोन दिवस बंद र्‍हायल." "त्याला सांग, र्‍हाऊदे." दोघं दहा पावलांवर उभे असायचे आणि मधे आई, टपालपेटीसारखी. पावसाळा सुरू होताना होडी आत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी नुसते खड्डे होते. श्रावणात तिथे लोखंडी सळ्या उभ्या राहिल्या, त्यांना फळ्या लागल्या, एक दिवस काँक्रीट ओतलं, आणि फळ्या काढल्या तेव्हा खांब उभा. आमच्या ओट्याच्या लांब भिंतीचं टोक एका बाजूला, खांब दुसऱ्या बाजूला. मधून माणूस आरामात जात होता, स्कूटर जात होती. होडीचं काय, हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी मोजायचं ठरवलं. नानांच्या कमरेला बिल्डरचा स्टीलचा टेप दिवसभर लटकलेला असायचा, पण तो मागायचा तर बोलावं लागलं असतं. आणि बाबांना टेपचं कौतुकही नव्हतं. आगराचे बांध, वाफे, सगळं त्यांनी हातानेच मापलेलं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यांनी ताडपत्री काढली आणि होडी जिथे सगळ्यात रुंद तिथे हात टाकत मोजली. "चार हात," म्हणाले. "येक बोट पन जास्ती नाय." आता गल्ली मोजायची. पण खांबापाशी पाय ठेवणार नाही अशी त्यांनी आईसमोर शपथ घेतलेली. म्हणून मला पाठवलं.

मी गेले. चिखलात गुडघ्यावर बसले, भिंतीला कोपर लावलं आणि खांबापर्यंत हात टाकत गेले. चार हात आणि वर चार बोटं. मी परत येऊन तसंच सांगितलं. बाबांनी विचारलं, "बरोबर मापलास?" मी म्हटलं, "हो." "मंग चार बोटां सुटतान. बास." आणि ते नारळ आणायला गेले. एक सुतळी आडवी धरून तिला गाठ मारली असती आणि ती आणून होडीला लावली असती, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. इतकी वर्षं मी हा किस्सा घरच्या लग्नांत, बारशांत सांगत आलेय आणि दर वेळी म्हणते की मला सुचलंच नाही, मी आपली बावळट. पण इथे लिहितेय तर लिहूनच टाकते. मोजताना तिसऱ्या हाताला माझ्या मनात आलं होतं. बाबांचे शर्ट मला बोटांच्या टोकापर्यंत यायचे, हे मला माहीत होतं. पण त्यांना तसं म्हटलं असतं तर त्यांनी नवीन काहीतरी ठरवलं असतं, आणि काही ठरवायचं म्हणजे पुढची अमावास्या. मी गप्प बसले. म्हटलं, निघेल कशीतरी.

रविवारी सकाळपासून घरात नारळाचा वास. आईने नारळीभात केला, त्यात लवंगा जास्त पडल्या कारण ती रडत होती आणि मोजत नव्हती. माझ्या पिशवीत तिने चादर, लोणच्याची बरणी, सुकट, दोन पांढरे ड्रेस असं सगळं कोंबलं. शाळेत पांढरे कपडे लागणार होते, म्हणून मी अंगावरही पांढराच घातला होता. चिखलाच्या दिवशी, होडी ओढायला. यावरून माझी त्या वेळची अक्कल कळावी. गावातली चार माणसं पुढून दोर ओढायला आली. बाबांनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, विटा काढल्या. मी आणि बाबा मागे, आमच्या मागे आई ओट्यावर. "हय्या" म्हणून ट्रॉली हलली. अंगणातून निघाली, गल्लीच्या तोंडापर्यंत आली, छान चालली होती. आणि मग एक आवाज आला. मोठा नाही. जाड कापड फाटावं तसा. पुढची माणसं एकदम पुढे पडली आणि होडी जागच्या जागी उभी राहिली.

तिचा डावा खांदा आमच्या भिंतीच्या टोकाला आणि उजवा नानांच्या खांबाला. पुढच्यांना वाटलं दगड आडवा आला, म्हणून त्यांनी अजून जोर लावला. ती अजून चार बोटं आत गेली आणि मग मात्र अशी बसली की जणू त्या मापाने गल्ली बांधली होती. मागे ओढून पाहिली. नाही. चाकं चिखलात रुतली.  बाबांनी डाव्या बाजूला हात टाकला, मग उजव्या बाजूला, आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

"चार हात, चार बोटां," ते म्हणाले.

"हो बाबा."

"कंच्या हातान मापलास गो?"

 मागून आई म्हणाली, "तिच्या हातान. तुमचा हात काय ती घेऊन गेल्ती?"

एक वाजला, पाणी चढलं असणार. दीड वाजला. पुढच्या माणसांनी वेगवेगळे सल्ले दिले. साबणाचं पाणी ओता, चाकातली हवा काढा, बिल्डरची क्रेन मागवा. हवा काढून झाली, त्याने ती खाली बसली आणि अजूनच घट्ट झाली. गल्ली भिंतीपासून खांबापर्यंत पूर्ण बंद. एका बाजूला गाव, रस्ता, एसटी, नाशिक. दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं, नाला आणि पत्रे. तीन वर्षं मी या होडीमुळे आडवी होऊन बाहेर पडले होते, आज आडवं होऊनही उपयोग नव्हता. मी ओट्यावर पिशवीशेजारी जाऊन बसले. रडूही येईना, कारण चूक माझीच. बाबा होडीच्या मागे पाठमोरे उभे होते, दोन्ही हात तिच्यावर ठेवून, म्हशीच्या पाठीवर ठेवावे तसे.

दोनच्या सुमारास पलीकडून हाक आली. "रंजू? ए रंजू, आहेस का मेलीस?"

सुमेधा. नाक्यावर भेटायचं ठरलं होतं. मी दिसले नाही म्हणून रिक्षा करून थेट घरी आलेली.

"इकडे आहे," मी ओरडले. "अडकलो आम्ही."

"ते दिसतंय. अख्खा गाव जमलाय बघायला. खालून ये ना रांगत."

"खाली ट्रॉलीचा दांडा आहे. आणि गुडघाभर चिखल."

"मग काय उद्या येतेस? उद्या नऊला तुझी सीट दुसरीला देतील, मी एकटी जाणार नाहीये, आधीच सांगते. माझी आई मला एकटीला पाठवणार नाही. म्हणजे तुझ्या होडीपायी माझंही गेलं."

यावर पलीकडे कोणीतरी हसलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं "आज नाही जमायचं" म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती माझी चूक होती, मी मान खाली घातली असती. मला वाटतं मी त्याचीच वाट बघत होते. म्हणजे मग पुढे जन्मभर सांगता आलं असतं की बाबांनी जाऊ दिलं नाही.

बाबा वळले. म्हणाले, "पिशवी आन."

मी पिशवी आणली. त्यांनी ती होडीत टाकली. मग होडीच्या पाठीशी, इंजिनाच्या बाजूला वाकले, दोन्ही पंजे एकात एक अडकवले आणि म्हणाले, "पाय ठेव."

"बाबा, चिखल लागलाय पायाला."

"मना काय चिखल नवीन हाय? ठेव."

मी त्यांच्या हातावर पाय ठेवला, त्यांनी उचललं आणि मी होडीत पडले, पांढऱ्या ड्रेससकट. उठले. तीन वर्षं मी तिला बाहेरून पुसली, आतून पुसली, तिच्यासाठी पाणी भरलं, पण तिच्यातून कुठे जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. बाबांनी मला कधी बरोबर नेलं नाही, मी कधी मागितलं नाही. आता नेमकी ती जमिनीवर असताना मी तिच्यातून निघाले होते. मधली फळी ओलांडली, नारळ ओलांडला. मागे वळून मी म्हटलं, "बाबा, तुमी..." पुढे काय म्हणायचं होतं ते आजही आठवत नाही.

"थांबू नको," ते म्हणाले. आणि मग माझ्या डोक्यावरून, पलीकडच्या बाजूला, जोरात: "नान्या. तिला रिक्शान बसव."

ते दोन वर्षांतलं पहिलं बोलणं. पलीकडे नाना खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले, पिशवी घेतली, मला काखेत धरून खाली उतरवलं, लहानपणी झाडावरून उतरवायचे तसं. सुमेधा माझ्याकडे बघून म्हणाली, "छान. पांढरा मागितला होता त्यांनी, तू मातकट घातलास."

होडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर माझी मुलगी म्हणते तसं मी मुद्द्याचं सांगायचं विसरते. चार दिवस ती गल्लीत तशीच अडकून होती. आई भाजी आणायला तिच्यातून चढून जायची आणि उतरून यायची. खडवलीचा मामा आला तो तिच्यात बसून चहा पिऊन गेला. पाचव्या दिवशी बाबांनी पहार घेतली आणि आमच्या ओट्याची भिंत स्वतःच फोडली. ती निघाली, खाडीत गेली, आणि परत आत आणायचं नाव कोणी काढलं नाही. बाबांनी बंदराजवळ एका ओळखीच्याच्या वाड्यात तिला जागा केली. आता तिथे तो वाडाही नाही आणि आमची गल्लीही नाही. खांब आहे, पार्किंगमध्ये. त्यावर आता पिवळे-काळे पट्टे मारलेत, गाड्या घासू नयेत म्हणून. मागच्या महिन्यात कल्याणहून एका लग्नाला गेले होते तेव्हा माझ्या जावयाने गाडी बरोबर त्याच खांबाला घासली. मी मागच्या सीटवर एकटीच हसत बसले.

तर त्या दिवशी रिक्षात नाना पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले, आम्ही मागे.  नाका दिसायला लागल्यावर नाना पुढे बघतच म्हणाले, "मी वैनीकरं निरोप धाडलेला. दोनदा. खांब भरायच्या आदी, आमुशेला, होरी बाहेर कार. रस्त्याला जागा देतो ठेवायला. तुज्या बापासनी सगला म्हाईत होता."

"नारळी पौर्णिमेच्या आधी होडी हलवत नाहीत ना," मी म्हटलं.

"कोन बोलला? त्यानंच मागच्या साली आमुशेला कारलेली. तूच दोर धरलेलास."

खरं होतं. मीच धरला होता.

"मी सोता येऊन वैनीला विचारला, का नाय कारत? तं ती बोलली, तो बोलतो, होरी निंगाली का पोर निंगाली." नानांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच मान पुसली. "मी खांब भरला. मी पन काय कमी नाय."

सुमेधाने माझा हात धरला होता, तिचं लक्ष बाहेर आहे असं दाखवत. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत मी रोज ताडपत्री उघडत होते, दिवस मोजत होते, आणि त्यांना माहीत होतं की गल्ली बंद होतेय. पण मग चार बोटांचं मलाही माहीत होतं. त्यांनी मला ठेवायला होडी आत अडकू दिली आणि मी सुटायला ती मधे अडकू दिली. एका घरात दोन माणसं एकच लबाडी करत होती आणि दोघांनाही वाटत होतं आपण एकटेच हुशार.

नानांनी पिशवी एसटीत चढवली, खिडकीपाशी आले, म्हणाले, "मी जातो. तो आता येकटाच ढकलत बसंल." आणि त्याच रिक्षाने परत गेले.

त्यानंतर मी नाशिकला शिकले, नोकरी केली, कल्याणच्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळला. नव्या मुली हॉस्टेल सोडून घरी पळायच्या गोष्टी करू लागल्या की मी त्यांना सांगायचे, मी घर सोडलं तेव्हा एकदाही मागे वळून पाहिलं नाही. साफ खोटं. एसटी सुटायला त्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला. कंडक्टर चहा प्यायला गेला होता. तेवढा सगळा वेळ मी खिडकीला नाक लावून गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. रिक्षा आली की उठायचे, पुढे गेली की बसायचे. सुमेधा वैतागून म्हणाली, "अगं कोणाची वाट बघतेस? जायचंय ना तुला?" मी म्हटलं, हो. पण कोणीही आलं असतं, आई नाहीतर शेजारची काकू, आणि नुसतं खिडकीखाली उभं राहिलं असतं, तर मी पिशवी घेऊन उतरले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कोणी आलं नाही. बस निघाली, उड्डाणपुलाखालून वळली आणि नाका दिसेनासा झाला.

आईने हे मला सांगितलं बाबा गेल्यानंतर, फार वर्षांनी, एकदा दुपारी तांदूळ निवडताना. माझा नारळीभाताचा डबा घाईत चुलीपाशीच राहिला होता. तिच्या लक्षात आलं तसा तिने डबा उचलला आणि ती होडीत चढायला निघाली. म्हणाली, नाक्यापर्यंत पळत गेले असते, बस तिथेच होती ना अजून? बाबांनी तिचा हात धरला. म्हणाले, "नको जाव. तुला बगितला तं उतरंल ती."